लाल वही

इस्लामपुरात माझं संगणक परीक्षा केंद्र आहे. तिथलं नेटवर्क सांभाळणारा माणूस प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवर्कवरचा नंबर, म्हणजे आयपी पत्ता, स्वतः द्यायचा आणि खिशातल्या छोट्या लाल वहीत लिहून ठेवायचा. राउटर हे नंबर आपोआप वाटतो, असं मी म्हटलं की तो हसायचा. "मॅडम, यंत्राच्या हातात दिलं की शिस्त राहत न्हाई. माझं सगळं लिहून हाय."

ऐन परीक्षेच्या सकाळी चार कॉम्प्युटर अडले. त्यानं एकच नंबर दोन-दोन कॉम्प्युटरना दिला होता. चार मुली कोऱ्या पडद्यासमोर बसलेल्या, पेपरची वेळ चाललेली, आणि हे आमचे नेटवर्कवाले साहेब कवठे महांकाळला साखरपुड्यात. फोनवर म्हणाले, "वही बघितल्याबिगर हात लावू नका."

"मग बघा की."

"ती दुसऱ्या शर्टाच्या खिशात राहिली."

मी सगळ्या कॉम्प्युटरवरचे त्याचे नंबर पुसले आणि वाटप राउटरवर सोपवलं. पंधरा मिनिटांत मुली पेपर सोडवू लागल्या.

दुसऱ्या दिवशी तो आला. राउटरनं दिलेले नंबर त्यानं वहीत उतरवले आणि खाली सही केली. नंबर अधूनमधून बदलतात, म्हणून दर सोमवारी येऊन जुने खोडतो, नवे लिहितो, पुन्हा सही करतो.

"कशासाठी हे?" मी विचारलं.

"आवं मॅडम, यंत्रावर कुणाचं तरी लक्ष नको व्हय?"