मानदेयाचं टेबल

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या एका छोट्या नगर परिषदेत पार्षदांच्या मानदेयाचं टेबल मी बरीच वर्षं सांभाळलं. पार्षद म्हणजे तुमच्याकडचे नगरसेवक, मानदेय म्हणजे मानधन. लोक म्हणतात, बाबूच्या नोकरीत घडते काय? अरे बाबा, बसून तर पाहा त्या टेबलावर! रिटायर झालो, पण एकेक आठवलं की अजून डोकं सुन्न होते.

एक नवे पार्षद पहिलं मानदेय घ्यायले आले. इलेक्शनमध्ये अख्ख्या वॉर्डाले जेवण घातलं होतं त्यांनी. आकडा पाहून हळूच म्हणाले, "बाबूजी, हे एका दिवसाचे ना?" महिन्याचे म्हटल्यावर तिथंच स्टुलावर बसले. पाणी पाजावं लागलं.

दुसरे एक साहेब बैठकीच्या दिवशी नागपूरले, पुतण्याच्या लग्नात. नाचतानाचा व्हिडिओ आम्हा सगळ्यांच्या मोबाईलवर, अन् भत्त्याच्या रजिस्टरवर त्यांची ठसठशीत सही. विचारलं तर म्हणे, "गेलतो लग्नाले. पण मन तर इथंच होतं ना."

मग एक नव्या अधिकारी मॅडम आल्या. पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "महिला पार्षद हाथ उठाइए।" पाच पुरुषांनी हात वर केले. पार्षदपती! निवडून आलेल्या बायका घरी, बैठकीले नवरे. मॅडम बघतच राहिल्या. आम्हाले काही वाटलंच नाही, याचीच आता लाज वाटते.

त्या पाचांपैकी एकाची बायको, शालूताई, एका दुपारी एकटीच माझ्याकडे आली. पोरीची नर्सिंगची फी भराची होती, नवरा पैसे नाही म्हणत होता.

"बाबूजी, पार्षदाले महिन्याले काही भेटते का?"

मी हादरलो. तीन वर्षं झालती तिले निवडून येऊन. "हौ ताई, दर महिन्याले भेटते. खातं तुमच्या मालकानं त्यांचं देल्लं," म्हटलं, अन् पावतीचं रजिस्टर पुढे केलं.

तिच्या नावापुढे दर महिन्याले अंगठा. नवरा यायचा, "बाई अडाणी आहे" म्हणायचा, अन् मी शाईचा पॅड सरकवायचो.

शालूताईनं पानं उलटली. "हा अंगठा माहा नाही. मी बी.ए. आहे."

मग अंगठ्याखालची ओळ तिनं मोठ्यानं वाचली. "पार्षद ने मेरे सामने अंगूठा लगाया।" त्याखाली माझी सही, दर महिन्याची.

तिनं रजिस्टर मिटलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबूजी, मी कधी आलती तुमच्यासमोर?"