हवालदारबाबा इंद्रजीतची वाट पाहतात

धसईच्या अलीकडच्या त्या वस्तीत रामा सोनावळे अशी हाक मारली असती, तर कोणी वळून पाहिलं नसतं. लहानथोर सगळ्यांचे ते हवालदारबाबा. त्यांची मुलगी मालू सापगावात दिलेली, तर तिच्या सासरीही तिची ओळख 'हवालदाराची पोर' अशीच.

बाबा तरुणपणीच महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. एकाहत्तरच्या लढाईत गोळा जवळ फुटला आणि डावा कान कायमचा गेला. त्याच हिवाळ्यात इकडे त्यांची पहिली मुलगी जना तापाने गेली. ते रजेवर आले तेव्हा त्यांच्या बायकोने, सोनूबाईने, पोरीचं अंगडं त्यांच्या हातात ठेवलं. पोरीला पुरून तोवर महिने लोटले होते.  पुढे पेन्शनीत निघाल्यावर मुंबईला रखवालदारीची चांगली जागा चालून आली, ती त्यांनी घेतली नाही. "पोरं मोठी होताना मला दिसली पाह्यजेत," म्हणाले.

आणि खरंच, मालूला आठवतात ते घरातलेच बाबा. तिची वेणी तेच घालायचे, पलटणीतला पट्टा आवळावा तशी घट्ट, इतकी की भुवया वर ओढल्या जायच्या. तिचा धाकटा भाऊ इंद्रजीत त्यांच्या खांद्यावर बसून शेतावर जायचा.

वस्तीत तेव्हा विहार नव्हता. बुद्धपौर्णिमा आंब्याखाली ताडपत्री बांधून व्हायची. बाबांनी नदीतले दगड वाहायला सुरुवात केली. आधी एकटे, मग सगळी वस्ती मदतीला आली. विहार उभा राहिल्यापासून रोज संध्याकाळी तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेला पांढरा सदरा चढवून ते वंदनेला जायचे. मेणबत्ती लावायचे आणि पोरांकडून पंचशील घोकून घ्यायचे. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की थांबून एकेकाच्या तोंडाकडे बघायचे. मालू त्या नजरेला फार भ्यायची.

सोनूबाई आजारात गेली. तिचं सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं. त्यानंतर दोन पावसाळे गेले आणि टोकावड्याच्या रस्त्यावर इंद्रजीतच्या मोटरसायकलीला ट्रकने उडवलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पोराच्या देहापाशी वंदना कोणी म्हणायची, हा प्रश्नच आला नाही. बाबांनीच म्हटली. आवाज कुठे कापला नाही. घरी आल्यावर मात्र ते मागल्या पडवीत इंद्रजीतचे कारखान्यात घालायचे बूट पुसत बसले, अंधार पडला तरी उठेनात.

मग हळूहळू त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी माणसांची नावं गेली, मग जेवलो की नाही ते. शेवटी इंद्रजीत गेला हेच गेलं. इंद्रजीतची बायको श्वेता मुरबाडच्या दवाखान्यात कामाला होती. ती संध्याकाळी दारात पाऊल टाकायची आणि बाबा विचारायचे, "इंद्रजीत कुठं राह्यला गो?" पहिल्यांदा तिने खरं सांगितलं. बाबांनी भिंतीला टेकून हंबरडा फोडला, जणू बातमी आत्ताच आली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोज नव्याने पोरगा जायचा आणि रोज नव्याने बाप रडायचा. श्वेता निम्मी झाली. तिने सापगावला फोन केला, "ताई, माझ्यानं आता नाय होत."

मालू राहायला आली. पहिल्याच संध्याकाळी बाबांनी विचारलं तेव्हा ती त्यांच्या उजव्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "ड्युटीवर हाय, बाबा."

बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मंग बरं," म्हणाले. "रजा मिळंल तवा येल."

चुलीपाशी श्वेता उभी होती. मालूची तिच्याकडे बघायची छाती झाली नाही. त्या दिवसापासून विहारात वंदना म्हणताना चौथ्या शीलाला मालूचे नुसते ओठ हलायचे. पण काही दिवसांनी बाबांनी विचारलं तेव्हा मालूच्या आधी श्वेताच बोलली, फोन आला होता, तुम्हाला जेवून घ्यायला सांगितलंय. बाबा मुकाट्याने जेवले. पुढे तर ती रोज काही ना काही सांगायला लागली. तिकडे थंडी फार आहे म्हणतात, खोकला बरा आहे म्हणतात. सांगताना तिचा चेहरा कसा मऊ व्हायचा, ते मालू बघायची.

भातकापणी संपता संपता बाबा गेले. सकाळी ओट्यावर उन्हात बसले होते, चहा घेतला आणि मान कलली. तालुक्यातले माजी सैनिक तिरंगा घेऊन आले, म्हाताऱ्या हातांनी त्यांनी सलामी दिली. बाबांनी शिकवलेल्या पोरांनी, जी आता स्वतः बापमाणसं झाली होती, वंदना म्हटली. वस्तीत त्या दिवशी चूल पेटली नाही.

बाबांच्या नावाने पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. मालूची सापगावला निघायची तयारी झाली. श्वेता तिला एसटीपर्यंत सोडायला आली. इतके दिवस ती कुणासमोर रडली नव्हती. गाडी लागली तसा तिने मालूचा हात धरला.

"ताई," ती म्हणाली, "आता ह्यांची वाट बघणारं कोणीच नाय उरलं."

मालूने पिशवी खाली ठेवली आणि तिला पोटाशी धरलं. गाडी निघून गेली, तरी दोघी तिथेच उभ्या होत्या.