आत कुणी हाय का?

"आत कुणी हाय का?"

संडासाच्या दारावर पान्याने दोनदा टकटक, मग हा प्रश्न, मग कान लावून थोडं थांबणं. गाडी रिकामी असली, आम्ही सगळ्या समोरच उभ्या असलो, तरी एवढं केल्याशिवाय आमचे मिस्त्री चाचा दाराला हात लावत नसत. आम्हाला हसू यायचं.

मी फिरत्या दवाखान्यात नर्स. आमची गाडी मुळात कुणा हौशी माणसाची सहलीची कॅरव्हॅन. संस्थेला देणगीत मिळालेली. तिच्यात कपाटाएवढा संडास होता आणि तो कायम बिघडलेला. दिवसभर खेड्यापाड्यांत फिरायचं, म्हणून आम्ही बाया सकाळपासून पाणीच पीत नसू. रोग्यांना सांगायचं, भरपूर पाणी प्या. आपण नुसते ओठ ओले करायचे.

लातूरच्या एकाही मिस्त्रीने ते काम धरलं नाही. मुरुडच्या बाजारात दुरुस्तीचं दुकान असलेल्या चाचांनी धरलं. कमोडखालची टाकी गाडीच्या बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढली, धुतली, ट्रॅक्टरच्या ट्यूबमधून रबराची चकती कापून बसवली.

"ह्येला खोबरेल लावू नका, फुगतंय," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "आन् सिस्टर, आता पाणी पीत जा."

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, न सांगता कळणारं.

एका उन्हाळ्यात गाडी मुरुडच्या बाजारात, चाचांच्या दुकानासमोर उभी होती. मी आत गेले आणि कडी अडकली. पत्रा तापलेला. ड्रायव्हर चहाला गेलेला, बाहेर बाजाराचा गलका. दार बडवून बडवून माझा श्वास पुरेना.

तेवढ्यात कमोडमधून उजेड आला. खरंच सांगते. चाचांनी बाहेरून टाकी ओढून काढली होती, आणि त्या भोकातून त्यांचा आवाज आला, "सिस्टर, घाबरू नका. मी हाय. बोलत ऱ्हावा."

"काय बोलू?"

"कायबी. आज सैपाक काय केला?"

मी कमोडवर वाकून वांग्याची भाजी सांगायला लागले. "मीठ कवा घातलं?" हा प्रश्न दारापलीकडून आला. बिजागरीचे स्क्रू एकेक करून खाली पडले आणि दार उघडलं.

मी सावरले, चाचा मात्र खाली पडलेले स्क्रू तसेच सोडून बाहेर आले. गाडीच्या पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते पाण्याचा टँकर आतून घासत होते. ड्रायव्हरने न बघता झाकण लावलं आणि पाणी सोडलं.

"गळ्यापातूर आलं, सिस्टर. पाना आपटून आपटून हात सोलला. पाण्याला आलेल्या बायांनी ऐकलं, म्हणून हाय." मग पाना पुसत म्हणाले, "अजूनबी झोपेत हात आपटतो. घरवाली उठवती. म्हणती, उठा, झाकण उघडं हाय."

त्यानंतर त्यांच्या टकटकीला आम्ही कधी हसलो नाही.

गेल्या हिवाळ्यात दमा वाढला म्हणून ते नांदेडला लेकीकडे गेले. परत आले नाहीत. लेकीचा फोन आला तेव्हा आम्ही निलंग्यापलीकडच्या एका गावात होतो, समोर बायांची रांग. मी फोन ठेवला, पुढच्या म्हातारीच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. आकडा काही दिसेना.

म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, का रडायल्या? लई वाढलंय का माझं?"