टेकडी पेटवणारी माणसं

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आमचं टाउनहाउस टेकडीला अगदी लागून आहे. मागचं कुंपण संपलं की वाळलेलं गवत सुरू होतं. आमच्या भिंतीपलीकडे रशियातून आलेल्या, नव्वदी गाठलेल्या एक बाई एकट्या राहायच्या. आम्ही त्यांना आजीच म्हणायचो. त्यांचं इंग्रजी तुटक, सुरुवातीला माझंही तसंच, त्यामुळे आमचं जमलं.

सप्टेंबरातल्या एका दुपारी मी घरून मीटिंगमध्ये होते, तेवढ्यात फोन कर्कश वाजायला लागला. टेकडीपलीकडे वणवा लागला होता आणि आमच्या गल्लीला घरं सोडायचा आदेश होता. खिडकीबाहेर आभाळ हळद कालवल्यासारखं झालं होतं. नवरा सॅन होजेला ऑफिसमध्ये. त्याला फोन लावला.

"पासपोर्ट घे आणि निघ," तो म्हणाला. "माझी वाट बघू नकोस. रस्ते ब्लॉक केलेत, मला आत सोडणार नाहीत."

घाईत कपाटाला किल्ली लागेना. कशीबशी पिशवी गाडीत टाकली आणि आजींकडे गेले. दार उघडंच होतं. त्या स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीशी उभ्या होत्या.

"आजी, चला. निघायचंय."

त्यांनी नुसतं बोट दाखवलं. उतारावर, आमच्या कुंपणापासून फार तर हाकेच्या अंतरावर, पिवळ्या जॅकेटमधली माणसं ओळीनं चालत होती. हातात डबे. डब्यांच्या नळीतून आग थेंबाथेंबानं गवतावर पडत होती. आमची टेकडी ती माणसं स्वतःच पेटवत होती. असं काही करतात हे मला ठाऊकच नव्हतं.

आजींनी माझं मनगट धरलं. "हे आपलेच आहेत ना?"

"हो. फायर ब्रिगेडचे लोक आहेत."

"तेव्हाही आपलेच होते."

त्या सात वर्षांच्या होत्या, तेव्हाचं सांगत होत्या. जर्मन सैन्य येत होतं आणि त्यांचं स्वतःचं सैन्य मागे हटत होतं. वरून हुकूम होता, शत्रूच्या हाती दाणासुद्धा लागता कामा नये. शिपायांनी गुरं पूर्वेकडे हाकून नेली, नदीवरचा पूल उडवला आणि कापणीला आलेला गहू पेटवला. काडी लावणारा शिपाई आदल्या दिवशी आजींच्याच घरी जेवला होता. आईनं त्याचे पाय धरले. तो रडत होता, पण काडी त्यानं लावलीच.

"मग ते गेले," आजी म्हणाल्या. "आम्ही तिथंच राहिलो. त्या हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ गेला."

नागपूरच्या शाळेत मी दग्धभू धोरणावर टीप लिहिली होती. शत्रूची रसद तुटली, माघार घेत घेत रशिया जिंकला, असं काहीबाही. शेताच्या कडेला माणसं राहत होती, हे त्यात नव्हतं.

मी त्यांना ओढत होते, त्या हलत नव्हत्या. धूर घरात यायला लागला. मला वाटलं, आता यांना सोडून पळावं लागणार, आणि त्या विचारानंच रडू फुटलं. तेवढ्यात एक तरुण पोलीस दारात आला.

"अजून इथंच? चला, लगेच."

"ते टेकडी का जाळतायत?" मी विचारलं.

"वणवा इथवर आला तर त्याला खायला गवत उरू नये म्हणून."

हे आजींना नेमकं कळलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आणि आम्ही?"

त्याला प्रश्नाचा रोख कळला नसावा. पण तो खाली वाकला आणि सावकाश म्हणाला, "मॅम, तुम्ही निघाल्याशिवाय मी इथून जाणार नाही."

आजींनी त्याचा दंड धरला.

रस्त्यावर गाडीला गाडी लागलेली. काचेवर राख पडत होती, वायपरनं ती आणखी पसरत होती. वारा फिरला तर इथंच अडकू, एवढंच माझ्या डोक्यात. आजी मान खाली घालून बसल्या होत्या, ओठ हलत होते. आम्ही एका शाळेच्या जिमपर्यंत पोचलो. तिथं गाडी बंद केली, तरी माझा पाय ब्रेकवरून निघेना.

दोन दिवसांनी परत सोडलं. टेकडी कुंपणापर्यंत काळी, घरं जशीच्या तशी. वणवा त्या जाळलेल्या पट्ट्यापर्यंत आला आणि विझला, असं शेजारी सांगत होते.

"आजी, त्यांची युक्ती बरोबर होती," मी म्हटलं.

"तेव्हाचीही बरोबरच होती. जर्मन उपाशी मेले." त्यांनी पडदा ओढून घेतला. "आम्हीही."

थंडी सुरू व्हायच्या आत त्यांची मुलगी त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. पावसानंतर टेकडी हिरवी झाली आणि उन्हाळ्यात पुन्हा वाळली. आता टेकडीकडून वारा सुटला की मी गाडी उलटी लावते, तोंड रस्त्याकडे करून. नवरा हसतो. मी त्याला हसू देते.