एकाच टाकीतला शॅम्पू

कटलरीच्या दुकानात माल संपतो, गोष्टी संपत नाहीत. मुदत उलटलेला माल एजन्सीवाला परत नेतो. गोष्टी कोण नेणार? त्या फळीवर मागे मागे सरकत जातात आणि एखाद्या दुपारी, गिऱ्हाईक नसताना, आपोआप पुढे येऊन बसतात.

सिल्वासाच्या बाजारात मी बांगड्या, टिकल्या, साबण, शॅम्पू विकत वीस वर्षं काढली. शाळा सातवीपर्यंत, तीही अमळनेरला. पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. या वीस वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच: "भाऊ, हे महागडं घेण्यात अर्थ आहे का हो?"

मी उत्तर कधी दिलं नाही. मी बिल केलं. उत्तर द्यायला दुसरा माणूस होता, आणि तो फुकट द्यायचा.

*

जोगळेकर साहेब पुण्याचे. सिल्वासाजवळच्या मसाटच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे टॅक्स माफ होता, म्हणून जाहिरातीत झळकणारा माल इथल्या पत्र्याच्या शेडमध्ये भरला जायचा. साहेबांच्या कारखान्यात शॅम्पू भरायचे. गुलाबी लेबलाची बाटली महाग, निळ्या लेबलाची स्वस्त. गुलाबीची किंमत निळीच्या तिप्पट.

पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा नाशिकच्या एका इंजिनिअरची बायको दोन्ही बाटल्या हातात घेऊन उभी होती. साहेब मागून म्हणाले, "ताई, निळी घ्या. दोन्ही आम्हीच भरतो. एकाच टाकीतलं असतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत निळी. सुट्टीनंतर त्यातच वासाचे चार थेंब जास्त टाकतो, की झाली गुलाबी."

ताईंनी निळी घेतली. जाताना विचारलं, "तुम्ही कुठली वापरता हो?"

"मी? मी विकत कशाला घेऊ?"

पुढचे दोन महिने इंजिनिअरांच्या बायकांपैकी एकीनेही गुलाबी बाटलीला हात लावला नाही. शेवटी मी साहेबांना बसवलं, चहा मागवला. म्हटलं, "साहेब, दुकानात रोज या. फक्त तोंड घरी ठेवून येत जा."

"भाऊ, मी खोटं बोललो का?"

"खोटं बोलला असतात तर मी कशाला चहा पाजला असता?"

ते खूप हसले. तेव्हापासून आमची दोस्ती. तोंड मात्र ते बरोबरच घेऊन यायचे.

*

पेडणेकर बाई सरकारी शाळेत होत्या. मालवणकडच्या. एकट्या राहायच्या. दर दिवाळीला मुंबईहून त्यांचा भाऊ भाऊबीजेचा तीन वड्यांचा साबणाचा डबा पार्सलने पाठवायचा. भारीतला, चंदनाचा. बाई तो डबा स्टाफरूममध्ये उघडायच्या. सगळ्यांना वास घ्यायला लावायच्या आणि मग परत बंद करायच्या.

एका वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी बाई दुकानात आल्या आणि तोच डबा मागितला. मी बांधायला कागद ओढला.

"गुजराती पेपर नको, भाऊ. मुंबईचा मराठी असेल तर बघा."

माझ्याकडे नव्हता. बाईंनी पर्समधून घडी केलेला पेपर काढला. "ह्यात बांधा. वरून सुतळी. आणि गाठ जरा घट्ट मारा, पोस्टातून आल्यासारखी."

मी मारली. पुढच्या वर्षी पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग मीच वापीहून येणाऱ्या एका माणसाला सांगून मुंबईचा पेपर आणवून ठेवायला लागलो. पाचव्या दिवाळीला बाईंनी बांधता बांधता माझा हात थांबवला. चष्मा वर करून कागद वाचला.

"भाऊ, हा जूनचा आहे."

मी दुसरा शोधून काढला. जोगळेकर साहेबांना ही गोष्ट मी सांगितली नाही. त्यांनी बाईंना साबण कसा तयार होतो ते समजावलं असतं.

*

मंगी राखोलीची, वारली समाजाची. साहेबांच्याच कारखान्यात होती. सुट्टीनंतर टाकीत वास ओतायचं काम तिच्याकडे. ते चार थेंब म्हणजे बोलायची गोष्ट, खरं तर पत्र्याचा डबाच्या डबा असायचा. ओतताना हातावर सांडायचा, लुगड्यावर उडायचा. संध्याकाळी ती बाजारातून चालत गेली की ती न दिसताही कळायचं, मंगी गेली.

एकदा संध्याकाळी ती दुकानात शिरली. डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं.

"शेठ, साबण दे."

मी तिच्यापुढे दोन-तीन वड्या ठेवल्या. मोगरा, गुलाब, लिंबू. तिने एकेक नाकाशी नेली आणि परत सरकवली.

"वास येल असा नको. वास जाल असा दे."

"कशाला गं?"

"नवरा पुसतो, रोज कोनाकडं जातेस वास लावून. कारखान्यात जाते सांगतां, तर सांगतो, कारखान्यात असा वास असतो का?"

मी लाल कार्बोलिक साबण दिला, दवाखान्याचा वास येणारा. त्यानंतर मंगी कारखाना सुटला की आधी दमणगंगा नदीवर जायची, वाळूने आणि त्या साबणाने कोपरापर्यंत हात घासायची आणि मग घरी. महिन्याभराने आली तेव्हा हातांची सालं निघालेली.

मी विचारलं, "वास गेला का?"

"हातांचा गेला," मंगी म्हणाली. "केसांचा ऱ्हायला."

हे मात्र मी साहेबांना सांगितलं. म्हटलं, त्या बाईला दुसरं काम द्या. ते विचारात पडले. आठवड्याने त्यांनी मंगीला झाकण लावायच्या कामावर घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना एखादी गोष्ट सांगितली की कळायची. सांगावी मात्र लागायची.

*

आता दुसऱ्यांचं एवढं सांगतोय, तर माझ्या घरचंही सांगतो.

दुकानात उंदीर असतात. उंदरांना भारीतला साबण जास्त आवडतो, हा माझा अनुभव. कुरतडलेल्या कागदाची वडी गिऱ्हाईक घेत नाही. असा माल मी घरी न्यायचो. माझ्या बायकोने आयुष्यात सगळे महागडे साबण वापरले. चंदन, केशर, गुलाब, सगळं. कॉलनीतल्या बायकांना तिचा हेवा वाटायचा.

एकदा आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. मी मुद्दाम चांगल्या, अखंड कागदातली वडी घरी नेली. तिने हातात घेतली, उलटसुलट करून चारी कोपरे तपासले. मग म्हणाली, "अहो, ही चुकून आणलीत. परत नेऊन ठेवा, विकली जाईल."

मी परत नेऊन ठेवली. विकली गेली.

*

जोगळेकर साहेबांच्या बायकोचं नाव नलू. आम्ही नलूवहिनी म्हणायचो. मुलंबाळं नव्हती. बोलायच्या कमी. बाजारात आल्या की माझ्याकडे येऊन टिकल्यांचं एखादं पाकीट घ्यायच्या आणि निघण्याआधी काचेच्या कपाटातली गुलाबी बाटली काढून मागायच्या. झाकण न उघडता हातात धरायच्या, लेबल वाचायच्या आणि परत द्यायच्या.

"देऊ का बांधून, वहिनी?"

"नको. घरी कॅन आहे."

त्यांच्या मोरीत दुधाचा पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कॅन होता. साहेब कारखान्यातून सॅम्पलचा शॅम्पू त्यात आणायचे. वहिनी वाटीने काढून घ्यायच्या. साहेबांना त्या कॅनचा केवढा अभिमान! घरी आलेल्या पाहुण्याला मोरीत नेऊन दाखवायचे. "हे तुम्ही बाटलीतून घेता. आम्ही कॅनमधून घेतो. माल तोच."

एकदा वहिनींनी माझ्याकडे विषय काढलाच. म्हणाल्या, "भाऊ, माल तोच आहे, मला माहीत आहे. मला मालाबद्दल काही म्हणायचंच नाही. एकदा त्यांनी दुकानात उभं राहून माझ्यासाठी काहीतरी घ्यावं, बस."

मी म्हटलं, "मग सांगा ना त्यांना."

"सांगून आणलेलं मी पण आणू शकते."

त्यांच्या लग्नाला वीस वर्षं झाली त्या दिवसाचं हे. संध्याकाळी वहिनी दुकानात आल्या. नवी साडी. पिशवीतून गुलाबी लेबलाची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली.

"ह्यांनी दिली आज."

मला बरं वाटलं. म्हटलं, शेवटी साहेब सुधारले. पण माझ्याकडून तर नेली नव्हती, तेव्हा वापीहून आणली असेल असं धरून चाललो. वहिनींनी बाटली उलटी केली.

"भाऊ, हिच्यावर किंमत का नाही छापलेली?"

मी बघितलं. खालच्या कडेला, जिथे किंमत आणि तारखेचा शिक्का असतो, तिथे कोरं होतं. धंद्यातल्या माणसाला कळायला एवढं पुरतं. कारखान्यात लेबल आधी लागतं. बाटली भरून झाली, पेटीत जायच्या आधी शिक्का मारतात. म्हणजे साहेबांनी लेबल लावलेली रिकामी बाटली उचलली होती आणि घरच्या कॅनमधून भरली होती. त्यांच्या हिशेबाने त्यांनी बायकोची हौस पुरवली होती. माल तोच, बाटलीही तीच. आणखी काय पाहिजे?

मी म्हणालो, "कधी कधी छापायची राहते, वहिनी."

वहिनी हसल्या. "तुम्ही चांगले दुकानदार आहात, भाऊ."

बाटली पिशवीत ठेवून त्या निघून गेल्या. त्यानंतर कधी त्यांनी कपाटातली बाटली काढून मागितली नाही. टिकल्या न्यायच्या, बस.

साहेबांना हे सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मंगीचं सांगितलं होतं, तसंच हेही सांगू शकलो असतो. पण गिऱ्हाइकाच्या घरात दुकानदाराने शिरू नये असं मी मानत आलो. आणि साबणाची ती वडी विकून मी तरी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? म्हटलं, बघू, पुढे कधीतरी बोलू.

पुढच्याच उन्हाळ्यात वहिनींना कावीळ झाली. पंधरा दिवसांत गेल्या.

*

त्यानंतर साहेब बाजारात दिसेनासे झाले. वर्ष सरलं. पितृपक्ष आला आणि अविधवा नवमीच्या आदल्या दिवशी दुपारी ते दुकानात आले. आमच्याकडे नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला घालतात आणि सौभाग्याचं सामान देतात. गुरुजींनी लिहून दिलेली यादी साहेबांच्या हातात होती.

मी एकेक वस्तू काउंटरवर मांडत गेलो. हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या, फणी, आरसा, खणाचा तुकडा.

"सवाष्ण कोण सांगितलीय, साहेब?"

"मंगीला सांगितलंय. कॉलनीतल्या सगळ्याजणी आपापल्या घरच्या श्राद्धात गुंतल्यात. मंगी म्हणाली, येते. वहिनीनं मला साडी दिलेली, म्हणाली." त्यांनी यादीची घडी घातली. "मला माहीत नव्हतं साडीचं."

"आणखी काय देऊ?"

त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "ती गुलाबी."

गुरुजींच्या यादीत शॅम्पू नसतो. मी बाटली काढली. त्यांनी खिशातून पैसे काढून काउंटरवर ठेवले, मी सांगायच्या आधीच, बरोबर तेवढे. मी बाटली कागदात गुंडाळत होतो.

तेवढ्यात एक नवी सून आत आली. हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. मसाटला नोकरीला आलेल्या कुणा साहेबाची बायको असावी. तिने कपाटात बघितलं, एक निळी आणि एक गुलाबी बाटली काढायला लावली, किमती वाचल्या आणि मला विचारलं, "काका, ह्या दोन्हींत एवढा काय फरक आहे हो?"

मी नेहमीसारखं बिलाचं पुस्तक पुढे ओढलं.

जोगळेकर साहेब तिच्याकडे वळले.

"पुष्कळ आहे, ताई," ते म्हणाले.