शेखरकडे जाऊन येऊ

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. हिवाळ्यात, हिंदी मुलखातल्या घमापूरच्या मराठी गल्लीत आम्ही तीन म्हातारे उन्हाला खुर्च्या टाकून बसतो, संत्री सोलतो, डोळे अर्धे मिटतो, आणि सालांबरोबर किस्सेही खुर्चीखाली साचत जातात. त्यातले कोणते घडले आणि कोणते डुलकीत दिसले, हे आता मलाही नक्की सांगता येत नाही. शेखरचे मात्र सगळे घडलेले आहेत.

शेखर म्हणजे माझ्या ऑफिसातल्या एका वारलेल्या मित्राचा मुलगा. मोठ्या लोकांचे पैसे गुंतवणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीत साहेब होता. वर्षातून एकदा यायचा. त्याची गाडी गल्लीत वळायची नाही, म्हणून गल्ली आपल्या स्कूटर हलवायची.

"तो नेमकं करतो काय?" रेल्वेतून निवृत्त झालेले ठोंबरे दर वर्षी विचारत.

"दुसऱ्याचे पैसे सांभाळतो," मी सांगत असे.

"आपल्या गणपती मंडळाचा खजिनदार बी तेच करते," कारखान्यात जन्मभर लेथवर उभे राहिलेले मेश्राम म्हणत. "मंग त्याच्याजवळ सायकल काहून?"

मग ती कंपनी बुडाली. शेखरचं स्वतःचं सगळं तिच्यातच होतं. फ्लॅट गेला, गाडी गेली, आणि दिवाळीनंतर तो दोन बॅगा घेऊन आईकडे परत आला. ऑटोने आला. ऑटो गल्लीत सहज वळली. वहिनींना, म्हणजे त्याच्या आईला, आता एवढंच हवं होतं की त्याने इथेच राहावं.

०

त्या दिवशी गल्लीत दोन मतं होती. एक तोंडावर, दुसरं गालात. संध्याकाळी ठोंबरे खोव्याची जलेबी घेऊन आले. स्वतःच्या प्रमोशनला या माणसाने बत्तासा वाटला नव्हता.

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"नात पास झाली."

"तिची परीक्षा तर मार्चात आहे," मेश्राम म्हणाले.

ठोंबरे जरा वेळ पुड्याकडे पाहत राहिले. "हुशार आहे पोरगी," ते म्हणाले.

जलेबी गरम होती. सगळ्यांनी खाल्ली.

०

बाजारातली भाजीवाली वहिनींना पूर्वी भाव चढवूनच सांगायची. साहेबाची आई ना. आता ती कोथिंबीर फुकट देऊ लागली आणि आवाज उतरवून बोलू लागली.

"भाभी, मटर रहने दो. लौकी ले जाओ. भैया के लिए हल्की रहेगी."

बुडालेल्या माणसाने दुधी खावा असं कुठेतरी ठरलेलं असावं. वहिनींनी दोन किलो मटार घेतले आणि ओट्यावर बसून, रस्त्याकडे तोंड करून सोलले. दुपारभर सोलत होत्या.

०

शेखरचं मन रमावं म्हणून आम्ही त्याला भेडाघाटला नेलं. दुपारची वेळ. नाव संगमरवरी कड्यांमधून चालली होती. खाली हिरवं पाणी, वर पांढरा दगड, मध्ये वल्ह्याचा आवाज. आपण कोण, कुठून आलो, काही आठवू नये अशी ती वेळ होती. ठोंबरे झोपले होते. शेखरही कित्येक दिवसांनी मान मोकळी सोडून वर पाहत होता.

एके ठिकाणी दोन्ही कडे जवळ आले. नावाडी रोज सगळ्यांना सांगतो तेच सुरात म्हणाला, "अब देखिए साहब, आगे रास्ता बंद. बड़े-बड़े साहब यहाँ आके अटक गए."

आम्ही एकदम आभाळाकडे पाहिलं. ठोंबरेसुद्धा जागे होऊन पाहू लागले.

"तो कोणता पक्षी होय?" मेश्रामांनी विचारलं. पक्षी नव्हता.

नाव वळली, पुढची वाट उघडली, तरी आमच्या माना वरच होत्या. शेवटी शेखरच म्हणाला, "काका, तो मला नाही म्हणाला."

आम्ही अजून पक्षी शोधत होतो.

०

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला हाक मारली.

"भाऊजी, इथल्याच रिछाईच्या कारखान्यात त्याला हिशेबाचं काम मिळून राहिलं. तो नाही म्हणतो. म्हणतो, कोणी ओळखत नाही तिथे जातो. रविवारचं तिकीट काढलं."

"काहून पण?"

"तुमच्यामुळे. भांडले असते, हसले असते, तर राहिला असता. तुम्ही सगळे हळू बोलून राहिले त्याच्याशी." मग म्हणाल्या, "शनिवारी या. पहिल्यासारखे."

शनिवारी गेलो. समोर खुर्च्या होत्या, तरी का कोण जाणे, तिघंही सतरंजीवर बसलो. माना खाली. भिंतीवरच्या उन्हाचा चौकोन हळूहळू सरकत होता. शेखरने स्वतः चहा करून आणून ठेवला. कोणी हात लावला नाही.

"शेवटपर्यंत ठीक होती का?" ठोंबऱ्यांनी हळूच विचारलं. "कंपनी?"

"आदल्या दिवसापर्यंत ठीक होती," शेखर म्हणाला.

"चला. फार हाल नाही झाले."

मग एक जण उठला, तसे बाकीचे उठले. मयताच्या घरून निघताना आपल्यात 'येतो' म्हणत नाहीत. मुकाट्याने चपला घालायच्या आणि चालू लागायचं. तसेच निघालो.

फाटकाशी पोचलो तेव्हा मागून वहिनींचा आवाज आला.

"भाऊजी, या घरात कोणी मेलं नाही."

आम्ही परत फिरलो. चपला काढल्या, आत गेलो, या वेळी खुर्च्यांवर बसलो. चहावर साय धरली होती. तो गारढोण चहा तिघांनी पूर्ण प्यायला. मग मेश्राम उठले आणि चांगलं मोठ्याने म्हणाले, "येतो, वहिनी." ठोंबरे म्हणाले, मीही म्हणालो.

शेखर दाराला टेकून उभा होता. "कधी येता?" त्याने विचारलं.

मेश्रामांनी चपलेत पाय घालता घालता त्याच्याकडे पाहिलं.

"सोमवारी. पण चहा तू नको करू, बाबू. असा चहा करणाऱ्याच्या हाती लोकांनी पैसे देल्ले कसे?"