सापाचा थर्मोस्टॅट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही: मुलीनं पाळलेल्या अजगराचं पोट माझ्यामुळे भाजलं.

आमच्या शॉमबर्ग गावातल्या पेट शॉपमधला तो दाढीवाला मराठी माणूस प्रत्येक वाक्याआधी 'ओके, सो' म्हणून श्वास घ्यायचा. "ओके, सो काका, टँकखालच्या हीटिंग मॅटला थर्मोस्टॅट मस्ट. आपल्या हाताला वॉर्म वाटतं, सापाला बर्न होतं."

ऑफिसात सर्व्हर-रूमचं तापमान मी सांभाळतो, आणि हा मला शिकवणार! थर्मोस्टॅट घेतला नाही. पोराचा ताप बघावा तसा रोज टँकच्या तळाच्या काचेला हात लावून बघायचो.

साप भाजल्यावर मुलीला म्हणालो, "त्या दुकानवाल्यानं मॅटच खराब दिली." दुकानात माझ्यासमोर ती त्याला नाही नाही ते बोलली. त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. "ओके, सो... सॉरी," म्हणाला आणि थर्मोस्टॅट लावून नवी मॅट दिली.

साप बरा झाला. त्या दुकानवाल्याची माफी मागायची आणि मुलीला खरं सांगायचं, दोन्ही अजून राहिलंय.